स्प्रिंग लावलेले दोन स्क्रू

प्रोसेसरसाठी वेगळा कूलर घेताना लोक तापमानाचे आकडे पाहतात. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीच्या एनएच-डी१५चे आकडे चांगलेच आहेत, पण २०१४ मध्ये आलेला हा कूलर मला आवडतो तो बसवणाऱ्याच्या हातांचा त्यात जो विचार झाला आहे त्यासाठी.

रूप भव्य आहे. ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचे दोन मनोरे, त्यांत शिरलेल्या सहा हीटपाइप, दोन मोठे फॅन. सगळं मिळून वजन सव्वा किलोच्या वर. हीटपाइप म्हणजे आतली हवा काढून थोडं द्रव भरलेली तांब्याची नळी. प्रोसेसरच्या उष्णतेनं त्या द्रवाची वाफ होते, पात्यांपाशी पोचून उष्णता सोडते, पुन्हा द्रव होते आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परत तळाशी झिरपते. पंप नाही, वीज नाही. नळीच्या दोन टोकांच्या तापमानात फरक आहे तोवर हे चक्र चालू राहतं. मात्र मे महिन्यात नागपुरातली खोली चाळीस अंशांवर गेली असेल, तर प्रोसेसर त्याखाली जाणार नाही. फॅन फिरवणार ती हवा खोलीतलीच.

पण खरं लक्ष द्यावं ते तळाकडे. इंटेलच्या प्रोसेसरसोबत मिळणाऱ्या कूलरला प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात. त्या मदरबोर्डात दाबायच्या आणि चारही नीट बसल्या असाव्यात अशी आशा करायची. इथे आधी बोर्डावर दोन पट्ट्या पक्क्या होतात. मग प्रोसेसरवर चार-पाच मिलिमीटरचा पेस्टचा थेंब. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत असले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात, आणि त्यांतली हवा उष्णता अडवते. पेस्ट तिची जागा घेते. मग मधला फॅन काढून मनोरे वरून टेकवायचे आणि दोन स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे पिळायचे, म्हणजे तळ एका बाजूला कलत नाही. स्क्रू ठरल्या जागी थांबतात. दाब देते ती स्प्रिंग. किती घट्ट करू, ही नवख्याची सगळ्यात मोठी धास्ती रचनाकारानं आधीच स्वतःकडे घेतली आहे. मनोऱ्यांमधल्या खोल फटीत पोचेल असा लांब स्क्रूड्रायव्हरही खोक्यातच मिळतो. अशी काळजी घेतलेली वस्तू मला सुंदर वाटते.

तपकिरी-बदामी रंग अनेकांना खटकतो; मला तो बरा वाटतो. अडचण आहे ती आकाराची. पुढच्या फॅनखाली रॅमसाठी ३२ मिलिमीटरच उंची मिळते. रॅम त्याहून उंच असेल तर फॅन वर सरकवावा लागतो, आणि मग १६५ मिलिमीटरची एकूण उंची वाढून कॅबिनेटचं झाकण लागेलच असं नाही. म्हणून कॅबिनेट आणि रॅम, दोन्ही मोजूनच खरेदी करावी.

आणि टिकाऊपणा. एएमडीच्या प्रोसेसरसाठी एएम४ हे नवं सॉकेट आलं तेव्हा जुन्या खोक्यात त्यावर कूलर बसवायचं साहित्य नव्हतं. खरेदीचा पुरावा देणाऱ्यांना कंपनीनं ते मोफत दिलं. २०२२च्या एएम५लाही तेच साहित्य चालतं. त्यामुळे २०१४ चा कूलर एएम५च्या बोर्डावर न्यायचा तर जुनी पेस्ट पुसून नवी लावायची आणि पट्ट्या बदलायच्या. स्क्रू तेच राहतात.