रानातल्या मांसाचा रस्सा : एका खोडलेल्या पाककृतीच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी आम्ही घरोघरच्या जुन्या पाककृती मागविल्या होत्या. गावठाणातील एका वृद्ध मावशींनी वहीची दोन पाने भरून ‘सशाचे मटण’ लिहून पाठविले. संपादनाचे काम आमच्याकडे होते. आम्ही तांबड्या शाईने त्या दोन पानांवर आडवी रेघ मारली आणि बाजूला ‘कायद्याविरुद्ध’ असा शेरा लिहिला. मावशी पुढे दोन वर्षांनी देवाघरी गेल्या. त्यांचे घर पुनर्विकासात गेले तेव्हा त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या, असे त्यांच्या सुनेने आम्हांला सांगितले. स्मरणिकेत फुगे, इंदियाल आणि बदकाचे मोयल एवढेच छापले गेले.

त्या निर्णयाचा आज फेरविचार करावासा वाटतो, तो एका दूरदेशीच्या पाककृतीमुळे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात केजन लोकांचा ‘सॉस पिकान्त’ नावाचा एक झणझणीत टोमॅटोचा रस्सा आहे. त्यात ससा, खार, कासव, मगर, जे रानातून आणि दलदलीतून हाती लागेल ते शिजते. पाककृती हीसुद्धा एक संहिता असते, आणि तिचे परीक्षण कथा-कवितेइतक्याच गांभीर्याने व्हावे असे आमचे मत आहे. म्हणून प्रथम हा रस्सा वाचून पाहू.

केजन हे मूळचे अकेडियन, म्हणजे आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया परिसरातले फ्रेंच भाषक कॅथलिक. १७५५ साली इंग्रजांनी त्यांना घरादारांतून हुसकावून लावण्यास सुरुवात केली. त्यांच्यापैकी अनेक जण पुढील दशकात लुइझियानात येऊन स्थिरावले. ‘अकेडियन’ या नावाचाच अपभ्रंश ‘केजन’ असा झाला. लाँगफेलोने १८४७ साली ‘इव्हँजेलिन’ या दीर्घकाव्यात त्यांची ताटातूट जगापुढे मांडली. परंतु विस्थापितांचे रोजचे जगणे काव्यापेक्षा त्यांच्या भांड्यात अधिक दिसते. नवी भूमी, अपुरे धान्य, आणि पुढ्यात दलदल. जे मिळेल ते चविष्ट करून खाणे हाच त्यांचा पुरुषार्थ. त्या राज्यात जिल्ह्यालाही आजतागायत ‘पॅरिश’, म्हणजे धर्मग्राम, म्हणतात, हे आमच्या वाचकांना विशेष रुचेल.

आता पाकक्रिया. पीठ तेलात मंद आचेवर तांबूस-तपकिरी होईपर्यंत हलवत राहावे लागते. त्यावर कांदा, सेलरी आणि भोपळी मिरची पडते. या तीन भाज्यांना तेथील लोक कौतुकाने ‘पवित्र त्रैक्य’ म्हणतात. मग लसूण, टोमॅटो, लाल तिखट, मांसाचे पाणी, आणि पुढे तासन्‌तास मंद उकळी. शेवटी हे सारे भातावर वाढायचे. यातील एकही पायरी नुसत्या हौसेची नाही. रानातल्या प्राण्याच्या अंगी चरबी थोडी आणि स्नायू राबलेले असतात. असे मांस घाईने शिजविले तर चिवट होते. ओल्या, मंद उष्णतेत बराच वेळ राहिले तर त्यातील चिवट पेशीबंध विरघळून रस्सा दाट होतो. तेलात भाजलेले पीठ कोरड्या मांसाला स्निग्धता देते, तर टोमॅटोचा आंबटपणा रानवट दर्प आवरतो. मावशींच्या पाककृतीतही हेच शहाणपण होते. तेथे टोमॅटोऐवजी शिर्का आणि चिंच होती, आणि भाजलेल्या पिठाऐवजी डुकराची चरबी. तिखटाचे काम उन्हाळ्यात भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून ठेवलेला बाटली मसाला करी. मिरची आणि टोमॅटो ही दोन्ही मूळची अमेरिका खंडाची लेकरे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर आली. त्यामुळे साष्टीतला रस्सा आणि लुइझियानातला रस्सा यांना दूरचे भाऊबंद म्हणण्यास हरकत नाही.

असे असूनही केजन रश्श्याच्या आजच्या रूपाबद्दल आमचा एक आक्षेप आहे. उपाहारगृहांत आणि पुस्तकांत तो दिवसेंदिवस अधिकाधिक जहाल होत चालला आहे. खाणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले की स्वयंपाक यशस्वी, असा समज त्यामागे दिसतो. तिखटाचे काम मांसाला बोलते करण्याचे आहे, त्याचे तोंड दाबण्याचे नव्हे. जो रस्सा खाताना ससा की कोंबडी हे कळत नाही, त्यासाठी ससा मारला तरी कशाला? कौतुकाचा अतिरेकही घातक ठरतो. पॉल प्रुधोम या नामांकित केजन आचाऱ्याने मसाल्यात करपवलेला ‘रेडफिश’ मासा लोकप्रिय केला. १९८० च्या दशकात त्याची अशी लाट उसळली की मेक्सिकोच्या आखातातील त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. एका पदार्थाच्या स्तुतीने समुद्र रिता होऊ शकतो, हे पाककलेच्या समीक्षकाने विसरू नये.

याच्या उलट उदाहरणही तेथलेच आहे. बेसुमार शिकारीमुळे मगरी घटल्या तेव्हा लुइझियानाने १९६२ साली त्यांची शिकार बंद केली. संख्या सावरल्यावर १९७२ साली ती मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू झाली. पुढे २०१० साली न्यू ऑर्लिन्सचे महागुरुस्वामी ग्रेगरी एमंड यांनी एका श्रद्धावंताच्या पत्रास उत्तर देताना मगर ही मत्स्यवर्गात मोडते, म्हणून प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी ती चालेल, असे कळविले. आमच्या वाचकांना हसू येईल. पण त्या हसण्याआड एक गोष्ट आहे : ताटात काय आहे याचा विचार त्या लोकांनी श्रद्धेपासून तोडलेला नाही.

योगायोग असा की त्याच १९७२ साली भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर होणाऱ्या शिकारीचेही दार बंद केले. ते योग्यच झाले. बोरिवली आणि मुलुंडच्या मध्ये पसरलेले राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचे. चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेल्या त्या रानातील ससा आणि हरिण यांवर पहिला हक्क तेथील बिबट्याचा आहे. तो आमच्या नाताळच्या मेजवानीचा नाही. याबाबत आमच्या मनात तेव्हाही संदेह नव्हता, आजही नाही.

मग आमचे चुकले कोठे? उत्पत्तीच्या पुस्तकातील एक प्रसंग यावर प्रकाश टाकतो. वृद्ध, दृष्टिहीन इसहाकाला एसावाने मारून आणलेल्या शिकारीचे रुचकर जेवण हवे होते. रिबेकेने कळपातील दोन करडे घेऊन त्यांनाच ती चव आणली आणि याकोबाच्या हाती ताट दिले. स्वयंपाकाच्या दृष्टीने पाहिले तर ही थोर कामगिरी आहे. घरच्या मांसाला तिने रानाची चव दिली, आणि जन्मभर शिकार खाल्लेल्या इसहाकालाही ती वेगळी वाटली नाही. रिबेकेचा दोष करडू शिजविण्यात नव्हता. करडाला शिकार म्हणविण्यात होता. आज ‘जंगली’ या नावाखाली साधे बकऱ्याचे मटण चढ्या भावाने विकणारी उपाहारगृहे नेमके तेच करतात.

मावशींनी तसे केले नव्हते. आम्ही खोडलेल्या पानाच्या शेवटी एक वाक्य होते, ते आम्हांला अजून आठवते : ससा न मिळाल्यास गावठी कोंबडा घ्यावा, पण घाई करू नये. म्हणजे आम्ही ज्या कायद्याचे निमित्त केले, त्याचे उत्तर त्या बाईने आधीच लिहून ठेवले होते. आम्ही शीर्षक वाचले आणि संहिता वाचली नाही. समीक्षकाच्या हातून याहून मोठी चूक होत नाही. चार ओळींची तळटीप देऊन ती पाककृती छापता आली असती. तिच्यात एका समाजाचे रानाशी असलेले जुने नाते होते, चिवट मांसाला दिलेला वेळ होता, आणि शिकार न मिळाली तर प्रामाणिकपणे पर्याय सांगण्याची रीतही होती. कायद्याने सशाला अभय दिले. पाककृती मारण्याचे काम मात्र आम्हीच केले.

म्हणून वाचकांस विनंती अशी की, घरी आजीच्या, मावशीच्या हातच्या वह्या असतील तर त्या रद्दीत घालू नयेत. त्यांतील पाने उतरवून आमच्याकडे पाठवावीत. पूर्वी कोणते मांस घालीत आणि आज त्याऐवजी काय घालता, हे दोन्ही स्पष्ट लिहावे. आम्ही ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचू.