कॅट विकत मिळतो, डेक बांधावा लागतो

पत्त्यांवर व्याख्यान म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील, ते साहजिक आहे. पण महाड-पोलादपूरच्या माणसाला पत्ते म्हणजे काय हे सांगायला नको. गणपतीत चाकरमानी गावी आले, आरती-भजन उरकलं, की ओटीवर चादर पसरते आणि मेंढीकोट सुरू होतो तो पार पहाटेपर्यंत. मला बोलायचंय ते त्याच चादरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्या पोरांबद्दल. त्यांच्याही हातात पत्ते असतात, पण राजा-राणी-गुलाम नाहीत. पोकेमॉन असतो, मुंबईहून आलेल्या एखाद्याकडे मॅजिकही असतं. या पत्त्यांकडे आपण एक तर खेळणं म्हणून बघतो, नाही तर जुगार म्हणून. रचना म्हणून कोणी बघत नाही. मी आज तसं बघणार आहे, म्हणजे कौतुक होईल तशी तक्रारही होईल.

आधी एक फरक नीट समजून घेऊ. मेंढीकोटात कॅट एकच. ५२ पानं, चौघांना तेरा-तेरा, चार दश्श्या कुठेतरी आहेत हे सगळ्यांना ठाऊक. पिसणाऱ्याच्या हातात नशीब, खेळणाऱ्याच्या हातात डोकं. पण कॅटमध्ये काय असावं हे कोणी ठरवत नाही. ते आपल्या आजोबांच्याही आधी ठरून गेलंय. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये प्रत्येक जण आपला कॅट घरून बांधून आणतो. त्यालाच पोरं डेक म्हणतात. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ आणला, त्यातली नवी गोष्ट नेमकी ही. पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ जपानमध्ये १९९६ साली आला. दोन्हीकडे हजारो पानं उपलब्ध, आणि डेक साधारण साठ पानांचा. पोकेमॉनमध्ये बरोबर साठ, मॅजिकमध्ये किमान साठ. एका नावाची जास्तीत जास्त चार पानं, मूलभूत ऊर्जा किंवा जमिनीची पानं सोडून. म्हणजे निम्मा सामना वाटप होण्याच्या आधीच खेळून झालेला असतो.

आता बघा, आपल्याकडे आजचे पालक पूर्वी काय खेळले? ट्रम्प कार्ड. कुस्तीवाल्यांची, क्रिकेटवाल्यांची. उंची किती, वजन किती, ज्याचा आकडा मोठा त्यानं पान घ्यायचं. तो संस्कार अजून गेलेला नाही. बाजारात सोनेरी प्लॅस्टिकची जी नकली पोकेमॉन पाकिटं मिळतात, त्यांत पानावरचा आकडा हजारात गेलेला असतो. पोरगं खूश, कारण आकडा मोठा. पण खऱ्या खेळात मोठा आकडा म्हणजे चांगलं पान असं नसतंच. पान चांगलं की वाईट हे शेजारच्या एकोणसाठ पानांशिवाय सांगता येत नाही.

याचं माझं आवडतं उदाहरण मॅजिकमधलं आहे. १९९६ साली पॉल स्लाय नावाचा खेळाडू एक लाल रंगाचा डेक घेऊन स्पर्धेत उतरला. रचना जे श्नायडरची, पण नाव खेळाडूचं लागलं, आजही त्या जातीच्या डेकला स्लायच म्हणतात. त्यातली पानं बघून तेव्हाचे जाणकार हसले असतील. आयर्नक्लॉ ऑर्क्स म्हणून एक पान होतं. ताकद दोन, दम दोन, आणि वर एक खोट: समोरच्या प्राण्याची ताकद दोन किंवा जास्त असेल, तर हा त्याला अडवू शकत नाही. एकटं बघितलं तर रद्दी. पण ज्या डेकला कुणाला अडवायचंच नाही, पहिल्या खेपेपासून फक्त चालून जायचंय, त्याला ही खोट कुठे लागते? खोटीची किंमत शून्य, आणि तिच्या बदल्यात दोन मानामध्ये दोन ताकदीचा प्राणी मिळतो.

मॅजिकमध्ये जमिनीची पानं मांडून त्यांतून माना काढायचा, तो खर्चून बाकीची पानं खेळायची. हा पगार पुढच्या खेपेला उरत नाही, न वापरला तर गेला. आणि जमीन दर खेपेला एकच मांडता येते. म्हणून श्नायडरनं एक मानाची पानं किती, दोनची किती, तीनची किती हे असं बेतलं, की प्रत्येक खेपेचा पगार त्याच खेपेला संपावा. समोरचा पाचव्या खेपेला आपला मोठा राक्षस उतरवायची वाट बघत बसलेला, आणि त्याचे वीस गुण तोवर निम्मे झालेले. नंतर या हिशोबाला माना कर्व्ह असं नाव पडलं. मी याला चांगली रचना म्हणतो ती जिंकली म्हणून नाही. त्यातलं प्रत्येक पान एकाच वाक्याचा भाग आहे म्हणून.

दुसरी बाजू संभाव्यतेची. इथे शाळेतल्या गणिताच्या बाईंना बोलावलं पाहिजे होतं. पोकेमॉनमध्ये सुरुवातीला सात पानं उचलायची. त्यांत एक तरी बेसिक पोकेमॉन नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसायचं, आणि समोरच्याला एक पान जादा घेता येतं. साठांत बेसिक आठच ठेवले, तर पहिला हात रिकामा येण्याची शक्यता जवळजवळ ३५ टक्के. बारा ठेवले तर १९. कोणतंही एक पान चार वेळा घातलं, तर पहिल्या सातांत ते दिसण्याची शक्यता ४० टक्के. पोरांना वाटतं चार घातले म्हणजे येणारच. नाही येत, दहातून सहा वेळा येत नाही! शिवाय पोकेमॉनमध्ये सहा पानं बक्षीस म्हणून बाजूला उलटी ठेवतात. एखादं पान एकच घातलं असेल, तर ते त्या सहांत अडकण्याची शक्यता दहा टक्के. त्यामुळे जिच्यावर सगळा डाव उभा आहे, अशी गोष्ट एकटी ठेवायची की दोन ठेवायच्या, हा प्रश्न आवडीचा राहत नाही.

आता नक्कल. स्पर्धा जिंकलेल्या डेकच्या याद्या सर्रास छापल्या जातात, पोरं तीच साठ पानं जमवतात. यावर जुने खेळाडू नाक मुरडतात. मी मुरडत नाही. गाणं शिकणारा आधी गुरूची बंदिश उचलतोच की. माझी तक्रार वेगळी आहे. यादी उचलली, पण अमुक पान चार नसून तीन का, हे विचारलं नाही, तर समोर अनोळखी डेक आला की हात थांबतो. मायकेल फ्लोरेसनं १९९९ साली एक निबंध लिहिला, ‘हूज द बीटडाउन?’ त्याचा मुद्दा असा, की दोन सारखे डेक समोरासमोर आले तरी एकाला चढाई करावी लागते आणि दुसऱ्याला पहारा. कोणी काय करायचं हे ओळखण्यात चूक झाली की डाव गेला. ही भूमिका डेकवर लिहिलेली नसते, समोर कोण बसलाय त्यावर ती ठरते. उमरठ ज्या तालुक्यात आहे, तिथल्या मंडळींना चढाई आणि पहारा यांतला फरक मी काय सांगणार! (हशा) पण यादी पाठ केलेला पोरगा स्लाय घेऊन त्याहून वेगवान डेकसमोर बसला, तरी चढाईच करत राहतो आणि हरतो. मग म्हणतो पत्ते वाईट आले.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवली: हा जुगार नव्हे का? प्रश्न रास्त आहे. रमीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं आंध्र प्रदेश विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात सांगितलं होतं, की तीन पत्तीसारखा हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. कोणतं पान पडलं हे लक्षात ठेवावं लागतं, कोणतं धरायचं, कोणतं टाकायचं यात कसब लागतं. धरणं आणि टाकणं, डेक बांधणं म्हणजे तरी दुसरं काय? मात्र २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना सरसकट बंदी घातली, कसब असो वा नशीब. तेव्हा टेबलावर पैसे नसतील तर खेळ जुगार नाही, इतकं मी छातीठोक सांगतो.

पण जुगार टेबलावर नसला तरी दुकानात आहे, आणि इथे माझी खरी तक्रार सुरू होते. पाकीट बंद असतं. आत काय निघेल माहीत नाही. जे पान दुर्मीळ ते महाग, आणि बरेचदा तेच पान डेकला हवं. सुरुवातीचा अंदाज असा होता, की माणूस थोडी पाकिटं घेईल आणि शेजाऱ्याशी अदलाबदल करेल. पहिल्या नियमांत एका पानाच्या प्रतींवर मर्यादाही नव्हती, चारची मर्यादा स्पर्धांसाठी १९९४ मध्ये आली. लोकांनी खोकीच्या खोकी घेतली आणि अंदाज कोलमडला. आता पुण्या-मुंबईचा मुलगा हवं ते सुटं पान मागवतो, आणि पोलादपूरचा मुलगा सोनेरी नकली पाकीट फोडतो. दोघांचं डोकं सारखंच चालत असेल, पण एकाला वाक्य लिहायला पूर्ण शब्दकोश मिळाला आणि दुसऱ्याला चार पानं फाटलेली अंकलिपी. रचनेचा खेळ म्हणून मी ज्याचं इतका वेळ कौतुक केलं, त्याच्या तोंडावरच हा दरवाजा आहे. हा दोष बाजाराचा, खेळाचा नाही, असं म्हणून सुटका होत नाही. कारण दुर्मीळता ही खेळाच्या आराखड्यातच घातलेली आहे.

यावर खेळाडूंनीच काढलेला एक तोडगा आहे, तो आपल्या ओटीला फार जवळचा वाटतो. त्याला क्यूब म्हणतात. गावात मिळून एकच डबा करायचा. आठ जणांसाठी ३६० पानं, सगळी वेगवेगळी. स्वस्त, साधी पानं घेतली तरी उत्तम खेळ होतो. माणशी पंधरा पानांचे तीन गठ्ठे. गठ्ठ्यातून एक पान ठेवायचं, उरलेला शेजाऱ्याकडे सरकवायचा, असं करत प्रत्येकाकडे ४५ जमतात. त्यांतून तेवीसेक निवडून सतरा जमिनी घालायच्या, चाळीसचा डेक तयार. खेळ झाला की पानं परत डब्यात. अधिकृत स्पर्धेत घरी छापलेलं पान चालत नाही, घरच्या डब्यात झेरॉक्सही चालते. म्हणजे कॅट पुन्हा सामाईक झाला, मेंढीकोटासारखा, पण बांधायचं काम ज्याचं त्याच्याकडेच राहिलं. वर शेजाऱ्यानं काय सोडलं यावरून तो काय बांधतोय हे ओळखायचं. दश्शी कुणाकडे दडलीय हे ओळखणाऱ्यांना ते जड जाऊ नये.

असा एक डबा मी आणलाय, समोर टेबलावर आहे. प्रश्न संपले की आठ जण बसू शकतील. नियम समजायला अर्धा तास लागेल, आणि पहिला डाव बहुतेक सगळे जमिनी कमी घालून हरतील, तर सतराच घाला.