मोजून ठेवलेला सैलपणा

बिनबाह्यांच्या स्वेटरची परीक्षा मुंढ्यापाशी होते. बाही असली की थोडीफार गफलत तिच्या जोडात झाकली जाते. इथे सगळी कड उघड्यावर. डोंबिवलीच्या आमच्या शेजारणीने कुर्त्यावर घालायला स्वतः बेतून विणलेला करड्या-निळ्या सुती धाग्याचा स्वेटर हातात आला, तेव्हा मी आधी काखेकडची बाजू पाहिली ती म्हणूनच.

या पट्ट्यात स्वेटर कशाला, असं कुणीही विचारेल. ठाण्यात 1925 साली निघालेली रेमंडची लोकरीची गिरणी 2009 पर्यंत चालली, पण ती काही ठाण्याच्या थंडीच्या भरवशावर नव्हे. आता गारठा विकत मिळतो. 2020 मध्ये ठाणे-पनवेल मार्गावर मध्य रेल्वेची पहिली एसी लोकल धावली, मग कल्याणच्या मार्गावरही आली. फलाटावर घाम, डब्यात हुडहुडी, उतरलं की पुन्हा घाम. असल्या हवेत बाह्यांचा लोकरी स्वेटर नकोसा होतो. शिवाय आत कुर्त्याची बाही गोळा होते ती वेगळीच.

छाती 90 सेंटीमीटर, स्वेटरचा घेर 110. आठ नंबरच्या सुयांवर तिच्या हाताला 10 सेंटीमीटरमध्ये 20 टाके आणि 28 ओळी बसतात, म्हणून पाठीला 110 टाके. इथवर कुणीही येईल. सैल हवा म्हणून सरसकट मोठं माप घेतलं की गळाही पसरतो आणि स्वेटर खांद्यावरून घसरत राहतो. हिने मुंढ्यांना सहा-सहा टाके कमी करून 98 ठेवले, त्यांतले 36 मानेला आणि 31-31 खांद्यांना. मागचा गळा नेमका मानेएवढा, बाकी सगळं ऐसपैस. अख्खा ढगळपणा त्या 36 टाक्यांनी पेलला आहे.

आणि मुंढ्याची पट्टी! टाका रुंद असतो, ओळ बुटकी. प्रत्येक ओळीतून टाका उचलला तर कडेला झालर फुटते, फार सोडले तर कड चुण्या घालून आत ओढली जाते. हिने चार ओळींमागे तीन टाके उचललेत आणि पुढे एक सुलट, एक उलट विणलंय, तेही दहा नंबरच्या बारीक सुयांवर, कारण सुताला लोकरीसारखी उसळी नसते. पट्टी कुर्त्यावर सपाट बसते; बोट फिरवलं तरी कुठे उंचवटा लागत नाही.

व्ही गळ्याच्या घटी कडेपासून दोन टाके आत घेतल्यामुळे दोन्हीकडे एकेक रेघ उमटली आहे. नक्षी म्हणाल तर एवढीच. क्रिकेटच्या पांढऱ्या स्वेटरवर असतात त्या पिळांचा मोह तिने आवरला, ते बरंच केलं: पिळांनी वीण आकसते, जाड होते, धागाही जास्त खाते. बाजूच्या चिरा कुर्त्याच्या चिरांवर येतात, त्यामुळे बसताना काही ओढलं जात नाही.

खिसा मात्र मला खटकतो. वजनाने सुती वीण लोंबते आणि तोलून धरलेला खांदा एका अंगाला कलतो. तो फक्त रेल्वेच्या पासापुरता आहे, असं तिचं म्हणणं. मला पटलेलं नाही. खिसा दिसला की माणूस त्यात मोबाइल कोंबतोच.