शनिवारचा राखाडी

पांढरा, लाल, गडद निळा, पिवळा, हिरवा, राखाडी, नारंगी, मोरपंखी, गुलाबी. ही २०२५ च्या नवरात्रातली नऊ रंगांची ओळ. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या शाळांत, बँकांत, दवाखान्यांत बायका त्या त्या दिवशी त्या त्या रंगाची साडी नेसतात. ही रीत जेमतेम दोन दशकांची. ‘महाराष्ट्र टाइम्स’नं २००३-०४ च्या सुमारास ती रुजवली आणि एका रंगात नटलेल्या मैत्रिणींचे, सहकाऱ्यांचे फोटो छापले. कुठल्या पोथीचा आधार नसताना ती घरोघरी गेली. समाजाचं मन रंगांत कसं उतरतं हे पाहायचं, तर ही ओळ शब्द न शब्द वाचण्याजोगी आहे.

तिची बांधणी वाराची. रविवारी नारंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी. घट ज्या वारी बसतात तिथून ओळ सुरू होते. उरलेल्या दोन दिवसांना वाराचं बंधन नाही, तिथे मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले रंग येतात. चंद्राचा पांढरा, मंगळाचा लाल, गुरूचा पिवळा, हे सरळ ज्योतिषातलं. पण बुधाचा हिरवा रंग बुधवारी नाही. तो शुक्रवारी नेऊन ठेवलाय, बहुधा शुक्रवार देवीचा म्हणून आणि देवीला हिरवी साडी, हिरवा चुडा. ज्यानं कुणी ही ओळ लावली, त्याला पंचांगापेक्षा बायकांचं मन जास्त कळत होतं, असं मला वाटतं.

सगळ्यात सुरेख जागा मात्र शनिवारची. शनीचा रंग काळा. काळी चंद्रकळा आपण संक्रांतीला हौसेनं मिरवतो, पण नवरात्रात देवीसमोर काळं कोण नेसेल? म्हणून काळ्याची धार बोथट करून राखाडी आणला असावा. शनीचाही मान राहिला, देवीचाही. आधी बऱ्याच जणींच्या कपाटात सणाची म्हणावी अशी राखाडी साडी नव्हतीच. राख, धूळ, ढगाळ दिवस यांचा हा रंग, त्याला शुभकार्यात कुणी विचारत नसे. तोच आता जरीकाठासकट दुकानांत मांडलेला असतो. एका यादीनं एका रंगाचं नशीब पालटलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आणि या रंगाचं या मुलखाशी जुनं नातं आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, आहुप्यापासून भीमाशंकरपर्यंतच्या रानात हिरड्याची झाडं आहेत. महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाशी बाळहिरडा झोडून, वेचून, वाळवून विकतात. औषधात त्याचा उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे, पण रंगाऱ्यांनाही तो तितकाच लागतो. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवलं की पुढचा रंग त्याला पक्का धरतो. त्याच कापडाला लोहाचं पाणी दाखवलं की ते राखाडी होतं, लोह वाढवलं की काळं. आजच्या साड्या गिरणीच्या रंगाच्या. त्या रंगांची गोष्ट १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन या कोवळ्या मुलाच्या हाती अवचित लागलेल्या जांभळ्यापासून सुरू होते. पण राखाडीचं झाड इथल्या डोंगरात उभं आहे, आणि हिरडा वेचणाऱ्या हातांपर्यंत नवरात्राच्या बाजारातला पैसा पोचत नाही.

अमेरिकेतली पँटोन ही कंपनी २००० पासून वर्षाचा एक रंग जाहीर करते. २०२१ साठी, करोनाच्या काळात, तिनं राखाडी आणि पिवळा असे दोन निवडले: खंबीरपणा आणि उमेद. तिथे जाणकार माणसं काळाची मनःस्थिती ओळखायचा प्रयत्न करतात आणि मग रंग ठरवतात. आपल्याकडे रंग वार ठरवतो. त्यामुळे आपली मनःस्थिती रंगात शोधून सापडणार नाही, ती तो रंग सगळ्यांनी मिळून नेसण्यात आहे. आणि ती मनःस्थिती आपणही सगळ्यांत मोजले जातो या भावनेची आहे. नोकरीला बाहेर पडलेल्या, रोज वेगवेगळ्या गावांहून एसटीनं येणाऱ्या बायकांना नऊ दिवस आपण एक आहोत हे डोळ्यांनी पाहायला मिळतं.

आपल्या गावांत रंग वाटले गेलेत. शिवजयंतीला शिवनेरीवर भगवा, १४ एप्रिलला निळा, उरुसाला हिरवा, खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्याचा पिवळा. प्रत्येक रंगामागे माणसं आहेत, अभिमान आहे, आणि कधी कधी ताणही आहे. या ओळीत हेच रंग शेजारी शेजारी येतात आणि एकच बाई ते सगळे अंगावर घेते. याहून मोलाचं म्हणजे, ही यादी नवरा आहे का असं विचारत नाही. हळदीकुंकवाला जिला बोलावणं येत नाही, तीही शुक्रवारी हिरवी साडी नेसून फोटोत मधोमध उभी राहते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा देशभर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. साडीच्या रंगापुरतं का होईना, तेच काम ही यादी कुठल्याही ठरावाविना करते.

तरीही तिची मर्यादा नजरेआड करता येत नाही. नऊ रंगांच्या नऊ साड्या असणं ही ऐपतीची गोष्ट आहे. शेजारणीकडून मागून आणणं, गेल्या वर्षीचीच नेसणं हे सगळं चालतं, पण साडी नसल्यानं मागे राहिलेलीही कुणीतरी असतेच. शिवाय हेच दिवस दसऱ्याच्या झेंडूच्या तोडणीचे. जुन्नर-आंबेगावच्या शिवारात त्या वेळी बायका पाठ वाकवून फुलं तोडत असतात. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. आत कुठल्या रंगाची साडी आहे ते दिसत नाही, आणि त्यांचा फोटो काढायला कुणी येत नाही. नवरात्राचा नारंगी साऱ्या शहराला याच हातांनी मिळतो. या यादीची पुढची ओळ कुणी लिहिणार असेल, तर ती त्यांच्या वाफ्यात उभं राहून लिहावी.