‘रिलिजन’ची व्युत्पत्ती आणि धम्म

आपल्या लेखकांकडून एक युक्तिवाद वारंवार केला जातो. ‘रिलिजन’ हा शब्द ‘बांधणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. म्हणून रिलिजन म्हणजे ईश्वराशी बंधन. धम्मात ईश्वर नाही, सबब धम्म हा रिलिजन नव्हे. निष्कर्षाशी आमचा वाद नाही. त्याला दिलेला आधार मात्र आम्हांस कच्चा वाटतो.

मूळ शब्द ‘रिलिजिओ’. तो ‘रेलिगारे’ म्हणजे बांधणे यापासून झाला, असे चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने प्रतिपादिले. मनुष्य भक्तीने ईश्वराशी बांधला जातो, हे त्याला सिद्ध करावयाचे होते. त्यापूर्वी सुमारे साडेतीनशे वर्षे सिसेरोने तोच शब्द ‘रेलेगेरे’पासून साधला होता. देवपूजेच्या गोष्टी पुन्हा पुन्हा निरखणे, असा त्याचा आशय. कोणती व्युत्पत्ती खरी, याविषयी भाषाशास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. म्हणजे आपण ईश्वरवादाच्या खंडनासाठी ईश्वरवाद्याचीच व्युत्पत्ती प्रमाण मानीत आहोत!

शब्दाचा पुढील प्रवासही सरळ नाही. रोमन वाङ्मयात त्याला मनाची धास्ती, निषिद्धाचे भय असेही अर्थ आहेत. लुक्रेशियसने तर बापाकडून मुलीचा बळी देवविणारी शक्ती म्हणून रिलिजिओचा धिक्कार केला. मध्ययुगीन युरोपात हाच शब्द मठवासीयांच्या संघाला लावीत. त्या अर्थाने आपला भिक्खुसंघ रिलिजन ठरेल आणि उपासक त्याबाहेर राहतील.

बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात धातूचा आश्रय घेतलेला नाही. या शब्दाला एक निश्चित अर्थ नाही, तो अवस्थेगणिक पालटत गेला, हे त्यांनी प्रथम दाखविले. मग भेद केला तो प्रयोजनावरून. रिलिजनचे प्रयोजन जगाच्या उत्पत्तीचा उलगडा, धम्माचे प्रयोजन जगाची पुनर्रचना. धातूवरच भिस्त ठेवावयाची तर ‘धारण करतो तो धर्म’ हेही स्वीकारावे लागेल, आणि याच व्युत्पत्तीच्या बळावर चातुर्वर्ण्याचे समर्थन झाले आहे.

कायद्यातील ‘रिलिजन’ निराळा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द आला, तो ‘रिलिजन’ याच संज्ञेखाली. धम्म रिलिजन नव्हे, असे व्यासपीठावरून मांडणारा आपला वक्ता जनगणनेत धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहितो, यात विसंगती नाही. तेथे ईश्वर मानता काय, असे कोणी विचारीत नाही. आपली गणना कोणात करावयाची, एवढेच विचारले जाते.