सराळ्याचे गद्य आणि डॉ. कोलते यांचे संपादन

मराठी वाङ्मयाचा उगम दाखवायचा म्हटले की आम्ही नगरकर नेवाशाकडे बोट दाखवतो. ते योग्यच आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी प्रवरेकाठी सिद्ध झाली. पण त्याच काळात, बहुतेक अभ्यासकांच्या मते तिच्या काही वर्षे आधीच, मराठीत एक मोठा गद्यग्रंथ तयार झाला होता आणि त्याचा कर्ता याच जिल्ह्यातील सराळ्याचा होता, हे आपल्या बोलण्यात क्वचित येते. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ रिद्धपूरला लिहिले गेले म्हणून आपण ते विदर्भाच्या खाती टाकून मोकळे झालो. आज हा ग्रंथ आपल्याला वाचता येतो तो ज्यांच्या आयुष्यभराच्या श्रमामुळे, त्या डॉ. वि. भि. कोलते यांच्या कामाचे मोल आपण नेमके कशात पाहतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. चक्रधरस्वामींच्या मागे, नागदेवाचार्यांच्या नेतृत्वाखाली महानुभावांनी संस्कृत बाजूला ठेवून मराठीलाच धर्मभाषा केले. पुढे हेच वाङ्मय सकळ, सुंदरी, वज्र, अंक अशा सांकेतिक लिप्यांमध्ये गेले आणि कित्येक शतके मठांबाहेर कोणाला वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि भावे यांनी ते कुलूप उघडले, ह. ना. नेने, य. खु. देशपांडे यांनी पोथ्या छापायला सुरुवात केली. म्हणजे लिपीचा उलगडा हे कोलत्यांचे श्रेय नव्हे. ते त्यांना देणारे त्यांचे खरे काम झाकून टाकतात.

खरे काम लिपी उलगडल्यानंतरचे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल या खेड्यात १९०८ साली जन्मलेले कोलते नागपूर विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोचले, १९६७ मध्ये भोपाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले; पण त्यांचा विषय सुटला नाही. ‘शिशुपाळवध’, ‘वछाहरण’, ‘मूर्तिप्रकाश’, ‘गोविंदप्रभु चरित्र’, ‘स्थानपोथी’ असे एकेक ग्रंथ ते संपादत राहिले. पंथाचे तत्त्वज्ञान आणि आचारधर्म यांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. ‘लीळाचरित्रा’ची त्यांची आवृत्ती निघाली ती १९७८ मध्ये, वयाच्या सत्तरीत. आधीचे सारे काम जणू या एका ग्रंथाची पूर्वतयारी होती. शब्दाचा अर्थ लावायला आचारधर्म माहीत हवा, प्रसंगाचा ठावठिकाणा लावायला स्थळे माहीत हवीत. श्रीरामपूर तालुक्यातील गोदाकाठच्या डोमेग्रामात चक्रधरांचा मुक्काम होता. तिथल्या लीळा वाचताना नुसता शब्दकोश पुरत नाही, ‘स्थानपोथी’ जवळ लागते.

या ग्रंथाचे संपादन अवघड का, हे त्याच्या घडणीतच आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पंथीय परंपरा सांगते की खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. साहजिकच पाठ अनेक झाले. एकाच प्रसंगाची निराळी आठवण असेल तर महानुभाव लेखक ती दडवत नाहीत. ‘वासना’ म्हणून तीही नोंदवतात. सातशे वर्षांपूर्वीची ही सचोटी आहे. आठवण सांगणारा कोण, याला या परंपरेत किंमत आहे.

कोलत्यांच्या आवृत्तीचे बळ आणि मर्यादा दोन्ही इथे दिसतात. त्यांनी एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असा सलग, वाचनीय पाठ मराठी वाचकाच्या हाती दिला. हे झाले नसते तर ‘लीळाचरित्र’ वेच्यांच्या पुस्तकांतच राहिले असते. परंतु छापील पाठ एकदा हाती आला की वाचकाला तोच अखेरचा वाटू लागतो. अनेक मुखांनी सांगितलेला ग्रंथ एका मुखाचा होतो. शिवाय पंथीयांच्या दृष्टीने ही पोथी म्हणजे श्रद्धेची ठेव. ती चव्हाट्यावर आल्यावर आक्षेप उठले, वाद झाले. ज्यांनी शतकानुशतके ती जपली त्यांचा तिच्यावर काहीच हक्क नाही, असे मला म्हणवत नाही. पण मराठी बोलणाऱ्या सर्वांचाही तिच्यावर हक्क आहे, हे मी त्याहून ठामपणे म्हणेन. संस्कृत सोडून मराठी धरणाऱ्या आचार्यांनी हा हक्क स्वतःच मान्य करून ठेवला होता.

मला खटकते ते वेगळेच. अभिजात भाषेच्या दर्जासाठी महाराष्ट्र शासनाने समिती नेमली, तिचे अध्यक्ष रंगनाथ पठारे हे आपल्याच संगमनेरचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दर्जा मिळाला. त्या साऱ्या चर्चेत ‘लीळाचरित्रा’चे नाव वारंवार आले, पण पुरावा म्हणून. पुराव्याचे कागद दाखल झाले की फडताळात जातात. ग्रंथाचे तसे होऊ नये.

कारण हे गद्य आजही जिवंत आहे. वाक्ये तोकडी, क्रियापदे नेमकी. कोणी विचारतो, स्वामी उत्तर देतात, प्रसंग संपतो. तात्पर्य सांगायला लेखक थांबत नाही. महदाइसेसारखी स्त्री शंकेवर शंका काढते आणि तिला उत्तर मिळते. जेवणखाण, वाटचाल, रुसवेफुगवे यांतून यादवकाळचा रोजचा व्यवहार उभा राहतो. ओवीच्या वैभवाने दिपलेल्या आपल्या समीक्षेने या साधेपणाला ‘प्राथमिक अवस्था’ मानले. माझ्या मते ती अवस्था नसून शैली आहे; साक्षीदाराच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे ठेवायचे या निश्चयातून ती आली आहे.

म्हणून पुढचे काम दोन प्रकारचे आहे. निरनिराळ्या पाठांच्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवून ‘वासनां’सह तुलनात्मक आवृत्ती सिद्ध करणे हे विद्यापीठांचे काम; रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, तेव्हा ही अपेक्षा अवाजवी नाही. दुसरे काम आपले. नेवाशाला जाणाऱ्या जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना सराळ्याच्या म्हाइंभटांची एखादी लीळा मोठ्याने वाचून दाखवावी. दोन-चार शब्द अडतील. बाकीची भाषा आपल्याच गंगथडीची आहे, हे त्यांना सांगावेही लागणार नाही.