कापूर नाचतो, स्पष्टीकरण मात्र थांबते

पाण्यावर कापराचा तुकडा टाकला की तो पळू लागतो. कृतिपुस्तकांत हा प्रयोग हमखास असतो आणि खाली ठरलेले उत्तरही असते : 'कापरामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो.' उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. अशा उत्तराने मुलांचे पुढचे प्रश्न बंद होतात, ही आमची तक्रार आहे.

पहिली उणीव अशी. पृष्ठताण सर्व बाजूंनी सारखाच कमी झाला, तर तुकडा हलणारच नाही. तो हलतो ताणातल्या फरकामुळे. ही ओढ तुकड्याच्या मध्यातून गेली तर तो सरकतो, मध्य सोडून गेली तर गरगर फिरतो. म्हणून तुकड्याचा आकार बदलून पाहणे हा प्रयोगाचाच भाग हवा.

दुसरी उणीव. साबण लावलेली कागदी होडी लवकर थांबते, कापूर मात्र बराच वेळ फिरतो. साबण पृष्ठभागावर साचून राहतो, कापूर हवेत उडून जातो. मग परातीवर काच झाकली तर काय होईल? हे वर्गात जरूर विचारावे.

तिसरी उणीव सर्वांत मोठी. तुकडा नेहमी एकच का? मुंबईच्या आयआयटीतील पुनीत परमानंद यांच्या गटाने कापूर मुरवलेल्या कागदी पट्ट्या पाण्यावर फिरवल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दोन फिरत्या पट्ट्यांच्या गतीत मेळ बसलेला दिसला. पट्ट्यांना डोळे नाहीत. दुवा आहे तो मधल्या पाण्याचा आणि त्यावर पसरलेल्या कापराचा.

इथे लोकप्रिय लेख घाई करतात आणि भिगवणला हिवाळ्यात दिसणाऱ्या भोरड्यांच्या थव्याशी कापराची सांगड घालतात. १९९५ साली हंगेरीच्या तमाश विचेक व सहकाऱ्यांनी संगणकावर दाखवले, की प्रत्येक कणाने शेजाऱ्यांची सरासरी दिशा धरली, गर्दी पुरेशी असली आणि चुका मर्यादित राहिल्या, तर म्होरक्याविना सगळे एका दिशेने जातात. शोध मोलाचाच. पण त्यातला कण शेजाऱ्याची दिशा पाहतो. कापराला फक्त आपल्या कडेचा ताण कळतो. साम्य परिणामात आहे, कारणात नाही. हा भेद न सांगता दिलेली उपमा शिकवत नाही, भुलवते.

लवासाच्या सहलीत वरसगाव जलाशयावर हा प्रयोग करण्याचा मोह टाळावा. ते पुण्याचे पिण्याचे पाणी आहे. शिवाय तिथे वारा असतो, तवंगही असू शकतो. मिलिमीटरच्या दोन दशलक्षांश जाडीचा तेलाचा थरही कापराला थांबवायला पुरतो, हे लॉर्ड रॅले यांनी १८९० सालीच मोजले होते. त्यापेक्षा वर्गात स्वच्छ धुतलेली परात घ्यावी, चिमट्याने आधी एक, मग दोन, मग दहा तुकडे सोडावेत आणि उत्तर सांगण्याआधी मुलांना नोंदी करू द्याव्यात.